शब्द ओळखीचे, पण वाक्य डोक्यावरून जातं

पत्र:

ताई, मी कामापुरतं इंग्रजी बऱ्यापैकी वाचते. ग्रामर ठीक आहे, डिक्शनरी उघडायचा कंटाळा नाही. पण एखादा लेख वाचायला घेतला की सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्य काही हाती लागत नाही. परवा एका लेखात होतं की ती बाई रात्रभर रिपोर्टमधून 'वेड थ्रू' करत होती. डिक्शनरीत बघितलं तर अर्थ पाण्यातून चालणे. रिपोर्टमध्ये पाणी कुठून आलं? आणखी एक जण 'फिशिंग फॉर कॉम्प्लिमेंट्स' करत होता, तिथे पण मी अडकले. मला कुणीतरी सांगितलं की शब्दांचं मूळ शिक, लॅटिन-ग्रीक रूट्स पाठ कर, सगळं सोपं होईल. पाचशे रूट्सची यादी उतरवून घेतली आणि थोड्याच दिवसांत सगळं एकमेकांत मिसळून गेलं. त्यात ग्रुपवर रोज एक मेसेज येतो, न्यूज म्हणजे चार दिशांची पहिली अक्षरं, सॅलरी म्हणजे रोमन सैनिकांना मिळणारं मीठ वगैरे. हे खरं असतं का? आणि कहर म्हणजे ऑफिसमधल्या एकाच्या कामाला मी मेलमध्ये नाइस म्हटलं तर तो म्हणाला, नाइसचा खरा अर्थ मूर्ख असा आहे, जपून वापर. आता कुठलाही शब्द लिहायची भीती वाटते. लॅटिन शिकू का? आणि असे अलंकारिक शब्दप्रयोग मी स्वतः कधी वापरायला लागू?

– शब्दांत अडकलेली

उत्तर:

लॅटिन शिकू नकोस. म्हणजे हौस असेल तर जरूर शीक, पण लेख कळावेत एवढ्यासाठी त्याची काही गरज नाही, आणि ती पाचशे रूट्सची यादी तर आजच बंद करून टाक. तुझ्या पत्रात खरं तर तीन वेगळे गुंते एकात एक अडकलेत, रूपक कसं वाचायचं हा एक, शब्दाचं मूळ कशासाठी बघायचं हा दुसरा, आणि तो नाइसवाला सहकारी हा तिसरा. त्याच्याकडे मी नंतर येते, त्याला सोडणार नाहीये.

आधी रूपक. हे काम तू मराठीत दिवसभर करतेस आणि तुला कळतही नाही. कुणीतरी साहेबांचे कान भरले म्हटल्यावर कानात नक्की काय भरलं असं तू विचारत नाहीस. हात आखडता घेतला, तोंडघशी पडला, जीव भांड्यात पडला, यातलं एकही चित्र आता तुझ्या डोळ्यासमोर येत नाही, कारण लहानपणापासून ऐकून ऐकून चित्र पुसलं गेलंय आणि अर्थ थेट लागतो. इंग्रजीत मात्र तुला चित्र अजून दिसतं, रिपोर्टमध्ये पाणी दिसतं, म्हणून तू थबकतेस. खरं सांगू का, हे थबकणं चांगलं लक्षण आहे, ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला ते पाणी दिसतच नाही.

गडबड होते ती पुढच्या पायरीवर. चित्र दिसलं की तू ते अख्खं उचलून वाक्यात बसवायला बघतेस आणि ते बसत नाही. रूपकात चित्राचा एखादाच तुकडा पलीकडे नेलेला असतो, बाकीचं सगळं मागे राहतं. आता हे वेड बघ (आपलं वेड नव्हे, पण रात्रभर रिपोर्ट वाचायचा म्हटल्यावर तेही चालेल). गुडघाभर पाण्यातून चालताना काय होतं? प्रत्येक पाऊल जड, वेग घेता येत नाही, आणि मध्येच थांबून उपयोग नसतो, पलीकडे पोचावंच लागतं. यातला जडपणा रिपोर्टला लागू होतो, ओलेपणा नाही. म्हणजे ती बाई मोठा, कंटाळवाणा रिपोर्ट नेटाने वाचून काढत होती. आता हीच बाई रिपोर्ट 'स्किम' करते म्हटलं असतं तर? स्किम म्हणजे द्रवाच्या वरचा थर तेवढा काढून घेणं, म्हणजे वरवर नजर फिरवली. आणि 'डाइव्ह इन' म्हटलं असतं तर थेट बुडी, उत्साहाने सुरुवात. तिन्हीकडे द्रवच आहे, पण माणसाचं त्याच्याशी नातं वेगळं, आणि लेखकाला जे सांगायचं असतं ते त्या नात्यात असतं.

म्हणून असं वाक्य आलं की डिक्शनरीतला पहिला अर्थ, तो अगदी शारीरिक, हातापायांचा अर्थ, तो घे आणि स्वतःला विचार की या चित्रात कोण काय करतंय, त्याला किती कष्ट पडतायत आणि ताबा कुणाकडे आहे. फिशिंगचं बघ ना, माणूस गळ टाकून गप्प बसलाय, आमिष लावलंय, आणि माशाला पत्ता नाही. म्हणजे हा कौतुक मागत नाहीये, तर "माझं आजचं प्रेझेंटेशन अगदीच फालतू झालं ना" असं म्हणून समोरच्याने "नाही नाही, मस्तच झालं" म्हणायची वाट बघतोय. गळ टाकणं आपल्याकडेही म्हणतात, तेव्हा हे तुला परकं वाटायचं कारणच नाही.

दुसरी गोष्ट अशी की ही चित्रं एकेकटी फिरत नाहीत, त्यांची कुटुंबं असतात. १९८० मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन या दोघांनी हे फार नीट मांडलं, त्यांचं म्हणणं असं की रूपक ही नुसती कवींची हौस नाही, आपण रोजचा विचारच रूपकातून करतो. इंग्रजीत वादविवाद म्हणजे लढाई असते, म्हणून तिथे मुद्द्यावर अटॅक होतो, माणूस आपली पोझिशन डिफेंड करतो, आयडिया शॉट डाउन होते. वेळ म्हणजे पैसा, म्हणून तो स्पेंड होतो, सेव्ह होतो, वेस्ट होतो, इन्व्हेस्ट पण होतो. आपणही वेळ वाचवतो आणि खर्च करतो, भाव चढतात आणि उतरतात, म्हणजे कितीतरी कुटुंबं दोन्ही भाषांत सारखीच आहेत. एकदा कुटुंब ओळखलंस की नवीन शब्द आला तरी तो कुठल्या घरातला आहे ते कळतं आणि अर्ध काम होतं. मला विचारशील तर पाचशे रूट्सपेक्षा अशी दहा-बारा कुटुंबं ओळखता येणं जास्त कामाचं आहे.

आता शब्दांचं मूळ. तुला वाटतंय की हा वेगळा विषय आहे, पण बऱ्याच वेळा तो हाच विषय असतो, फक्त जुना झालेला. शब्दाचं मूळ खणत गेलं की पुष्कळदा खाली एक रूपकच सापडतं, जे इतकं वापरलं गेलं की थंड पडलं.

उदाहरणार्थ कॉम्प्रिहेंड, आकलन होणं. यातला लॅटिन भाग प्रेहेंडेरे म्हणजे हाताने पकडणं. आणि साध्या इंग्रजीत कळण्याला काय म्हणतात, ग्रास्प, म्हणजे परत मूठच. एक शब्द बोजड वाटतो आणि एक सोपा, चित्र मात्र तेच. एक्सप्लेन म्हणजे सपाट करणं, त्यात प्लेनस म्हणजे सपाट हा शब्द बसलाय. कॉम्प्लिकेटेड म्हणजे घड्या पडून एकात एक गुंडाळलेलं, आणि सिंपल म्हणजे एकच घडी. म्हणजे गुंतागुंतीचं प्रकरण समजावून सांगणं हे मुळात घड्या उलगडून कापड सपाट करण्याचं काम होतं, हे कळल्यावर ते तीन शब्द तीन राहत नाहीत, एकाच टेबलावर येऊन बसतात. मला हे फार आवडतं.

रायव्हलचं तर बघ, प्रतिस्पर्धी. लॅटिनमध्ये रीवस म्हणजे ओढा, प्रवाह, आणि रिव्हालिस म्हणजे त्याच ओढ्याचं पाणी वापरणारा दुसरा माणूस. पाण्यावरून भांडणं किती जुनी आहेत त्याचा पुरावा शब्दातच आहे. डिराइव्ह पण याच ओढ्यावरचा, पाणी वळवून घेणं. रिव्हर मात्र दिसायला भाऊ वाटला तरी या घरातला नाही बरं का, तो रीपा म्हणजे काठ या दुसऱ्याच शब्दावरून आलाय, आणि त्याच काठावरून अराइव्ह आला, म्हणजे पोचणं हे मुळात काठाला लागणं होतं. डिलिरियम, म्हणजे तापात बरळणं, त्यात लिरा म्हणजे नांगराची सरी, सरी सोडून नांगर भरकटला की ते डिलिरियम. मसल म्हणजे छोटा उंदीर, दंड वळवल्यावर कातडीखाली जे हलतं ते कुणालातरी उंदरासारखं दिसलं असणार. क्लू म्हणजे आधी दोऱ्याचा गुंडा, ग्रीक कथेत थिसिअस भूलभुलैयातून दोरा धरून बाहेर आला ना, तोच दोरा, म्हणून आज गुन्ह्याचा माग लावणारा पोलीस क्लू शोधतो. आणि आपण धागादोरा म्हणतोच की.

मग प्रश्न असा की इंग्रजीत हे इतकं लपलेलं का असतं. याचं कारण इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये जुनं इंग्रजी बोलत होते, त्यात उत्तरेकडून आलेल्या लोकांची नॉर्स भाषा मिसळली, दे, स्काय, विंडो असले रोजचे शब्द तिच्यातले. विंडो म्हणजे नॉर्समध्ये वाऱ्याचा डोळा. (आपलं गवाक्ष पण डोळाच आहे, गो अधिक अक्ष, बैलाचा डोळा. भिंतीतलं भोक बघून दोन टोकांच्या माणसांना डोळाच सुचावा, गंमत आहे.) मग १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कायदा, मोठ्या लोकांचं जगणं सगळं फ्रेंचमध्ये गेलं. इतकं की १३६२ साली कोर्टातलं कामकाज इंग्रजीत चालावं असा कायदा करावा लागला आणि तो कायदा लिहिला फ्रेंचमध्ये. त्यानंतर विद्वानांनी पोत्यानं लॅटिन आणि ग्रीक शब्द आणून ओतले. त्यामुळे एकाच गोष्टीला तीन-तीन थर झाले, आस्क हा घरातला, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिन. मैत्रिणीला आस्क करतात, पोलीस इंटरॉगेट करतात, आणि हा जो फरक तुला कानाला जाणवतो ना तो शेकडो वर्षांच्या मानपानाचा फरक आहे.

तुझा त्रास इथेच आहे बघ. घरातल्या इंग्रजी शब्दांत चित्र उघडं असतं, ओव्हरलुक, आउटलिव्ह, ब्रेकडाउन, जोडाजोड लगेच दिसते. लॅटिन शब्दांत चित्र दुसऱ्या भाषेत कुलूपबंद असतं, म्हणून ते तुला अक्षरांची नुसती रास वाटतात आणि पाठ करण्याशिवाय मार्ग दिसत नाही.

पण यादी वरून खाली पाठ करण्यापेक्षा उलट्या बाजूने जा. तुला आधीच येणारे शब्द घे आणि त्यांच्यात काय सारखं आहे ते बघ. रिस्पेक्ट, सस्पेक्ट, इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट हे चारही तुला येतात. स्पेक्ट म्हणजे बघणं, एवढंच लक्षात ठेव. इन्स्पेक्ट म्हणजे आत बघणं, प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढे बघणं, रिस्पेक्ट म्हणजे मागे वळून बघणं, ज्याच्याकडे आपण वळून बघतो त्याला मान असतो, आणि सस्पेक्ट म्हणजे खालून, मान खाली ठेवून डोळे वर करून बघणं, संशयाने बघतात ना तसं. तसंच पेंड म्हणजे लटकणं, डिपेंड, सस्पेंड, पेंडिंग, अपेंडिक्स. तुझी पेंडिंग फाइल खरोखरच लटकलेली आहे. एवढं कळल्यावर पेंडंट हा शब्द कधी शिकावा लागेल का? असा एक तुकडा सापडला की आणखी शब्द आपोआप येऊन चिकटतात, आणि जो तुकडा तुझ्या वाचनात येतच नाही तो सोडून दे.

आणि तुझ्याकडे एक किल्ली आहे जी इंग्रजांकडे नाही. १७८६ मध्ये कलकत्त्यात तिथले न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी भाषण केलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असूच शकत नाही, या तिघी एकाच जुन्या भाषेतून निघालेल्या असणार आणि ती भाषा बहुधा आता उरलेली नाही. इंग्रजी त्याच कुटुंबातली. पुढे १८२२ मध्ये जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम यांनी आवाज कसे बदलले त्याचा नियम मांडला, म्हणजे जिथे संस्कृत-लॅटिनमध्ये प तिथे इंग्रजीत फ, जिथे द तिथे ट, जिथे त तिथे थ. आता लावून बघ. पाद आणि फूट. पितर आणि फादर. दंत आणि टूथ. दश आणि टेन. त्रि आणि थ्री. आणि लॅटिनमधून उसने आलेले शब्द या बदलातून गेलेलेच नाहीत, म्हणून पायाचा डॉक्टर पोडिअ‍ॅट्रिस्ट (हा ग्रीकमधून), पायाने मारायचं ते पेडल, दाताचा डॉक्टर डेंटिस्ट, ते आपल्या संस्कृत शब्दांच्या जास्त जवळ दिसतात. फूटपेक्षा पेडल तुला जास्त जवळचा, हे शाळेत कुणी सांगत नाही.

यातला माझा लाडका शब्द म्हणजे मेटाफर स्वतःच. ग्रीकमध्ये मेटा म्हणजे पलीकडे आणि फेरेन म्हणजे वाहून नेणं. लॅटिनमध्ये हेच फेर्रे, त्यातून ट्रान्सफर, म्हणजे मेटाफर आणि ट्रान्सफर हे एकाच कल्पनेचे ग्रीक आणि लॅटिन अवतार. इंग्रजीत तोच धातू बेअर झाला, ओझं सहन करणं. आणि संस्कृतमध्ये भृ, भरति, ज्यातून आपला भार आला. वर मी म्हटलं ना चित्राचा तुकडा पलीकडे नेतात, तर ते मी रूपक करून सांगितलं नव्हतं, शब्दातच तसं लिहिलंय. तसंच विद् घे, त्यातून आपला वेद आणि विद्या, लॅटिनमध्ये व्हिडेरे म्हणजे बघणं, त्यातून व्हिडिओ, ग्रीकमधून आयडिया, आणि घरचा इंग्रजी विट, विज्डम. बघणं आणि कळणं हे एकच आहे ही कल्पना इतकी जुनी आहे, त्यामुळे समोरचा आय सी म्हणाला की त्याला काय दिसलं असं विचारू नकोस.

पण थांब, इथेच लोक वाहवत जातात. कुटुंब एक आहे म्हणजे इंग्रजी संस्कृतमधून निघाली असा अर्थ होत नाही, त्या लांबच्या बहिणी आहेत, आई दुसरीच होती. आणि दोन शब्द सारखे दिसले म्हणून नातेवाईक होत नाहीत. दिवस आणि लॅटिनमधला दिएस हे खरंच नात्यातले, पण इंग्रजीतला डे त्यांचा कुणी लागत नाही, कितीही सारखा वाटला तरी. ग्रिमचा नियमच लावून बघ ना, द असेल तर इंग्रजीत ट यायला हवा होता. लॅटिन हाबेरे आणि इंग्रजी हॅव, दोन्हींचा अर्थ आपल्याकडे असणं, आवाज जवळजवळ एक, आणि तरी नातं शून्य. आवाज नियमाने बदलतात म्हणून नातं नियमाने तपासायचं असतं, कानाने नाही.

थेट आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्द ही आणखी वेगळी गोष्ट, ती वंशावळ नाही, नुसती उसनवारी. लूट हिंदीतून गेला, आणि मुंगूस मराठीतून, तो तिथे जाऊन मंगूस झाला. आणि गंमत म्हणजे त्याच्या स्पेलिंगमध्ये गूस म्हणजे हंस घुसवून ठेवलाय ज्याचा मुंगसाशी काडीचा संबंध नाही, न कळणाऱ्या शब्दात ओळखीचा शब्द कोंबायची खोड सगळ्यांनाच असते. अनेकवचन मात्र मंगूसेस, मंगीस नव्हे.

आता ग्रुपवरचे मेसेज. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ ही थाप आहे, तो न्यू या शब्दाचा अनेकवचनी प्रकार, नव्या गोष्टी, बस. पॉश म्हणजे भारतात जाता-येताना बोटीच्या सावलीच्या बाजूच्या खोल्या, पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम (जाताना डावीकडे, येताना उजवीकडे) या शब्दांची पहिली अक्षरं तिकिटावर मारायचे, ही गोष्ट इतकी छान आहे की लोक सोडायला तयार नाहीत, पण तसं तिकीट कधी कुणाला सापडलेलं नाही. माझा साधा नियम असा की आद्याक्षरांची गोष्ट असेल आणि शब्द विसाव्या शतकाच्या आधीचा असेल तर ती बिनधास्त डिलीट कर. आद्याक्षरांचे शब्द बनवायची पद्धतच नवीन आहे, रडार, लेझर हे खरे तसले, ते गेल्या शतकातले. सॅलरीचं प्रकरण अर्ध खरं आहे, त्या शब्दात सॅल म्हणजे मीठ आहे हे पक्कं, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मोजून द्यायचे याचा त्या काळातला पुरावा नाही. आणि कधीकधी अगदी बनावट वाटणारी गोष्ट खरी निघते. डेडलाइन घे. अमेरिकन यादवी युद्धात १८६४ मध्ये जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत आतल्या बाजूला एक रेषा आखलेली असायची, साधं लाकडी कठड्यासारखं, आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालायचे, तिला डेड लाइन म्हणत. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या कामात तो शब्द वेळेच्या मर्यादेला लागला. तुझ्या साहेबांना सांगू नकोस, त्यांना आवडेल.

मूळ बघायचं असेल तर चांगल्या डिक्शनरीत नोंदीच्या शेवटी ते दिलेलं असतं, ते वाच, आणि तिथे मूळ अज्ञात असं लिहिलं असेल तर त्यावर विश्वास ठेव. डॉग या शब्दाचं मूळ कुणालाच माहीत नाही, एवढा रोजचा शब्द, पण नाही माहीत. किक द बकेट म्हणजे मरणं, त्यातल्या बादलीचे दोन-तीन खुलासे आहेत आणि एकही सिद्ध झालेला नाही. असल्या वाक्प्रचारांत चित्र शोधत बसू नकोस, ते सरळ पाठ कर आणि पुढे जा.

आणि आता ते नाइसवाले महाशय. त्यांची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. नाइस हा लॅटिन नेस्किअस म्हणजे अजाण यावरून फ्रेंचमार्गे आला आणि १३०० च्या आसपास इंग्रजीत त्याचा अर्थ मूर्ख असाच होता. मग तो चोखंदळ झाला, नाजूक झाला, काटेकोर झाला, तो अर्थ अजून नाइस डिस्टिंक्शन म्हणजे बारीक फरक या प्रयोगात टिकून आहे, आणि अठराव्या शतकापासून तो छान असा स्थिरावला. सिली बरोबर उलट्या दिशेने गेला, जुन्या इंग्रजीत सुखी, भाग्यवान, मग भोळा, मग बिचारा आणि शेवटी बावळट. शब्दाचा पहिला अर्थ तोच खरा मानायचा तर त्यांना कुणी सिली म्हटलं की त्यांनी आभार मानले पाहिजेत. डिसेंबर दहावा महिना होईल, कारण जुनं रोमन वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं आणि डेसेम म्हणजे दहा. कारखान्यात मशीनवर बनलेल्या कुठल्याही वस्तूला मॅन्युफॅक्चर्ड म्हणता येणार नाही, कारण त्यात मानुस म्हणजे हात आहे. आणि मराठीत त्यांच्या साहसाचं कौतुक करायची सोय राहणार नाही, कारण संस्कृत धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा, मारहाण, लूटमार. हे त्यांना हसत हसत ऐकव. एटिमॉलॉजी हा शब्दच ग्रीक एटिमॉन म्हणजे खरा अर्थ यावरून आलाय, त्यामुळे हा घोळ त्या विषयाच्या नावातच आहे, पण शब्दाचा आजचा अर्थ आजचे बोलणारे ठरवतात. मूळ कशाला उपयोगी पडतं, तर लक्षात ठेवायला आणि कधीकधी छटा कळायला. शब्द बरोबर वापरला की चूक हे ठरवायला नाही. तू मेलमध्ये नाइस म्हटलंस ते बरोबर म्हटलंस.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, स्वतः कधी वापरायचं. वाचताना ओळखणं आणि लिहिताना वापरणं यात बरंच अंतर आहे आणि ते असू दे. एखादा प्रयोग दोन-तीन वेगवेगळ्या लोकांच्या लिखाणात दिसला, कुठल्या सुरात वापरलाय ते कळलं, मग वापर. मराठीतलं चित्र उचलून इंग्रजीत टाकू नकोस, कुणी साहेबांचे कान फिल केले असं लिहिलंस तर वाचणारा कानाच्या डॉक्टरचा विचार करेल. आणि एका वाक्यात दोन कुटुंबं भेटवू नकोस, प्रोजेक्ट आधी पाण्यात तरंगवला आणि त्याच वाक्यात त्याचा पाया पक्का केला की झालं. नुसती क्रियापदं वापरलीस तरी पुरे, ग्रास्प, स्किम, डिपेंड, ही सगळी रूपकंच आहेत आणि त्यांच्यात काही धोका नाही.

धोका असतो तो टेबलसारख्या शब्दांत. एखादा विषय टेबल करणं म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत तो चर्चेला मांडणं, आणि अमेरिकन इंग्रजीत तोच विषय बाजूला ठेवून देणं. टेबल तेच, त्यावर ठेवायची क्रिया तीच, एकाने ठेवलं ते सगळ्यांना दिसावं म्हणून आणि दुसऱ्याने ठेवलं ते हातातून सुटावं म्हणून. तुझ्या मेल वाचणाऱ्यांत दोन्हीकडचे लोक असतील तर ते क्रियापद नकोच, सरळ लिही की हा विषय सोमवारच्या मीटिंगमध्ये घेऊ, किंवा आत्ता घ्यायला नको.